खोडकर मूल : बांधही हवा, दारही हवे

शास्त्रपाठ : मार्क १०:१३-१६, नीतिसूत्रे २२:६, इफिस. ६:४, १ राजे १:५-६

मुख्य विचार : मुलाच्या अंगची धाव ही देवाची देणगी आहे. ती अडवून धरणे हे आईबापांचे काम नाही, आणि ती मोकाट सोडणे हेही नाही. तिला मर्यादा घालून वाट करून देणे, हे आपले काम आहे.



ह्या पाठाची सुरुवात मी माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे. दुसऱ्याच्या घरातले उदाहरण देणे सोपे असते. परंतु जो धडा आपण मार खाऊन शिकलो, किंवा मार देऊन शिकलो, तोच आपणांस खरेपणाने शिकवता येतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मांद्र्यात आम्ही विश्वासणारी कुटुंबे थोडी. रविवारी संध्याकाळी आमच्याच घरी उपासना होते आणि महिन्यातून एकदा शहरातून पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी येतात. तो जूनचा पहिला रविवार होता. ओसरीवरच्या टेबलावर पांढरे कापड घालून काचेचे लहान पेले तबकात मांडून ठेवले होते. आमचा धाकटा त्या वेळी पाच वर्षांचा होता. एका जागी दोन मिनिटे बसेल तर शपथ! टेबलाखाली शिरून त्याने नारळाच्या पोयीची होडी चालवली होती. होडीची दोरी कापडात अडकली, त्याने ती ओढली, आणि तबक, पेले, द्राक्षरस सारे जमिनीवर आले.

मी सर्वांदेखत त्याच्या कानशिलात लगावली आणि ओरडलो, “माझ्या डोळ्यांपुढून चालता हो!” तो रडला नाही. नुसता पाहत राहिला आणि निघून गेला. पाळकसाहेब म्हणाले, “असू द्या, काचच ती, पुन्हा मिळेल.” काचा गोळा झाल्या. घरातले साधे पेले धुऊन घेतले. उपासना झाली. मी प्रार्थनाही केली. त्या प्रार्थनेत काय म्हणालो, ते आज मला आठवत नाही.

उपासना संपल्यावर पाहतो तर मुलगा घरात नव्हता. पावसाळा तोंडावर आलेला, अंधार पडत चाललेला. प्रथम आम्ही विहिरीत पाहिले. ज्या आईबापांनी कंदील धरून विहिरीत डोकावले आहे, त्यांना त्या क्षणाविषयी अधिक सांगायला नको. मग शेजारी, मग रस्ता, मग खाडीवरचा साकव. रात्री आठनंतर एका म्हाताऱ्या रापणकाराला तो सापडला. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या एका होडीत तो गुडघ्यांत डोके घालून बसला होता. म्हाताऱ्याने त्याला कडेवर घेऊन आणले आणि माझ्या हाती देण्याआधी तो मला म्हणाला, “मास्तर, तेका मारू नकात. भियालो आसा तो.”

रात्री मी त्याला विचारले, “बाळा, गेलास का?” तो म्हणाला, “पप्पा, तुम्हीच ‘चालता हो’ म्हणालात ना?”

ज्याला मी दिवसभर ‘ऐकत नाही, ऐकत नाही’ म्हणत होतो, त्याने माझी आज्ञा पाळली होती. त्या रात्री मला उत्पत्तीचा तिसरा अध्याय आठवला. आदाम लपला तेव्हा देव त्याला शोधत आला आणि तो कोठे आहे असे विचारता झाला. आमच्या घरी बापाने मुलाला लपायला लावले आणि शोधून काढले एका शेजाऱ्याने. तेव्हापासून मी शास्त्र उघडून ह्या विषयाचा नव्याने अभ्यास करू लागलो. त्यातील काही भाग ह्या पाठात मांडतो.

१. प्रभूने मुलांना गप्प केले नाही

मार्क १०:१३-१६ हा भाग आपण बालकांच्या समर्पणविधीला वाचतो आणि त्याचे गोड चित्र डोळ्यांपुढे आणतो. परंतु तेथे एक भांडण चालू आहे, इकडे लक्ष द्या. लोक मुलांना घेऊन आले आणि शिष्यांनी त्यांना दटावले. शिष्यांचा हेतू वाईट नव्हता. गुरुजी शिकवीत होते, विषय गंभीर होता, आणि मुले म्हटली की आवाज, धक्काबुक्की, रडारड आलीच. आज मंडळीत मागे वळून आईकडे डोळे वटारणारे आपण सारे त्या शिष्यांच्याच रांगेत उभे आहोत. प्रभू येशूला राग आला तो मुलांचा नव्हे, दटावणाऱ्यांचा. मग त्याने मुलांना कवेत घेतले आणि त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मुले आधी शांत झाली आणि मग जवळ घेतली गेली, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

जखऱ्या ८:५ हेही वचन पाहावे. यरुशलेमेचा उद्धार होईल तेव्हा नगरी कशी दिसेल, हे संदेष्टा सांगतो. तेथे म्हातारी माणसे काठी टेकीत रस्त्यात बसलेली असतील आणि त्याच रस्त्यांवर मुलगे व मुली खेळत असतील. खेळणाऱ्या मुलांचा गलबला हे देवाच्या कृपेचे एक लक्षण आहे. ज्या मंडळीत मुलांचा आवाज ऐकू येत नाही, तिने आपल्या शांततेचा अभिमान बाळगण्यापूर्वी थोडा विचार करावा.

२. मुलाच्या वाटेने शिक्षण

नीतिसूत्रे २२:६ हे वचन आपल्या घराघरांतून भिंतीवर टांगलेले असते. आपण त्याचा अर्थ असा घेतो, की लहानपणी वळण लावा म्हणजे मोठेपणी मूल त्याच वळणावर राहील. हे खरेच आहे. परंतु मूळ इब्री शब्दांत दोन गोष्टी विशेष आहेत.

पहिली, तेथे शिक्षण देण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच नव्या घराच्या व मंदिराच्या समर्पणासाठी वापरले आहे (अनुवाद २०:५, १ राजे ८:६३). तेव्हा मुलाला शिक्षण देणे म्हणजे त्याला देवाच्या कामासाठी उघडणे. दुसरी, मूळ शब्दांत मुलाच्या ‘त्याच्या मार्गाचा’ उल्लेख आहे. त्याचा अर्थ ‘ज्या मार्गाने त्याने जावे’ असा काही भाषांतरकार घेतात, तर ‘त्याच्या स्वभावाला व अवस्थेला धरून’ असा दुसरे घेतात. आपले प्रचलित मराठी भाषांतर ह्या दुसऱ्या अर्थाकडे झुकते. म्हणजे एकाच आईच्या पोटची दोन मुले असली तरी दोघांना एकच माप लावता येत नाही. एसाव रानात रमणारा आणि याकोब तंबूत राहणारा. परंतु बापाने एकाला आणि आईने दुसऱ्याला जवळ केले, आणि घर दुभंगले.

आमचा थोरला पुस्तक हातात दिले की तासभर बसे. धाकट्यानेही तसेच बसावे अशी माझी अपेक्षा होती. मी त्याला भावाच्या वाटेने नेऊ पाहत होतो.

३. ‘छडी’चा अर्थ काय?

नीतिसूत्रे १३:२४ पुढे करून अनेक बाप मारण्याचे समर्थन करतात. मीही करीत असे. नीतिसूत्रांत शारीरिक शिक्षेचा उल्लेख आहे, हे आपण नाकारू नये. त्या काळच्या समाजात ती रीत होती. परंतु ‘छडी’ म्हणून जो इब्री शब्द येतो, तोच शब्द मेंढपाळाच्या काठीसाठी स्तोत्र २३:४ मध्ये येतो, आणि तेथे ती काठी पाहून मेंढराला धीर येतो! जी काठी पाहून मेंढरू होडीत लपून बसते, ती मेंढपाळाची काठी नव्हे. नीतिसूत्रांचा भर मुलाला वाऱ्यावर सोडू नये, वळण लावण्याचा कंटाळा करू नये, ह्यावर आहे.

नवा करार ह्या बाबतीत आणखी स्पष्ट आहे. इफिस. ६:४ आणि कलस्सै. ३:२१ ह्या दोन्ही ठिकाणी पौल खास बापांना बजावतो, की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. ज्या रोमी जगात मुलांवर बापाची जवळजवळ अमर्याद सत्ता होती, त्या जगात बापालाच मर्यादा घालणारी ही आज्ञा फार मोठी आहे.

मुलांच्या वागणुकीचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे, की माराने मूल त्या क्षणी थांबते, पण त्याला पुढे स्वतःहून आवरता येत नाही. उलट त्याचा आडदांडपणा वाढण्याकडेच कल असतो. आणि ते खोटे बोलायला व लपवायला शिकते, हा तर आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. आपल्या देशात २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. गोव्यात २००३च्या बालक कायद्यानेही शाळेतील शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. जे शाळेच्या मास्तराला वर्ज्य, ते शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला कसे चालेल?

येथे कोणी म्हणेल, ‘श्यामच्या आईनेही श्यामला मारले होते!’ साने गुरुजींचे ते पुस्तक १९३५ साली निघाले आणि मराठी घरांत ते कोण विसरेल? पोहायला जायला भिऊन लपलेल्या श्यामला आईने मारले, ही गोष्ट खरी. परंतु मुलगा भित्रा राहू नये म्हणून तिचा जीव तुटत होता आणि नंतर तिच्याच डोळ्यांना पाणी आले. आणि त्याच पुस्तकातली दुसरी आठवण पाहा. न्हालेल्या श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईने आपला पदर पसरला आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, एवढेच शिकवले. श्यामच्या मनात आयुष्यभर मुरले ते हे पदराचे शिक्षण.

४. बांध हवा

परंतु छडी टाकली म्हणजे शिस्तही टाकली, असे समजणारी घरेही आपल्यात वाढत आहेत. शास्त्र त्यांनाही मोकळे सोडत नाही. १ राजे १:६ मध्ये एक लहानसे वाक्य आहे, ते वाचून मला नेहमी धस्स होते. दाविदाने आपल्या मुलाला, अदोनीयाला, तू असे का केलेस, हे कधी विचारून दुखवलेच नव्हते. ज्याने गल्याथाला पाडले, त्याला घरात ‘का’ म्हणण्याचे धैर्य नव्हते. आणि एली याजक? त्याच्या मुलांनी वेदीचा अपमान केला, त्याने तोंडी समज दिली, पण त्यांना आवरले नाही (१ शमुवेल ३:१३). दोन्ही घरांचा शेवट आपणांस ठाऊक आहे.

ह्या ठिकाणी आपल्याकडचीच एक वस्तू मला शिकवून गेली. त्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनी मी कामानिमित्त शापोरा नदीकाठी गेलो होतो. आपल्या पेडण्याच्या खाडीकाठी खाजन शेते आहेत, ती तुम्ही पाहिली असतील. ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी माती, दगड घालून बांध उभारले म्हणून तेथे भात पिकते. परंतु त्यांनी नुसता बांध घातला नाही. बांधात त्यांनी मानस ठेवली. मानशीला लाकडी दारे असतात. ती अशी बसवलेली असतात, की भरतीचे पाणी बाहेरून रेटा देऊ लागले की ती मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या जोराने तीच दारे उघडतात आणि साचलेले पाणी वाहून जाते. दार ढकलायला कोणी माणूस लागत नाही. पाण्याचाच जोर कामाला येतो.

मी त्या बांधावर उभा राहून माझ्या मुलाचा विचार केला. बांधच नसेल तर शेत खारे होते. ते एलीचे घर. बांध आहे पण मानस नाही, तर पहिल्या मोठ्या पावसाला पाणी तुंबून एकतर पीक कुजते किंवा बांध फुटतो. ते माझे घर. आणि एक गोष्ट आणखी. बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, म्हणून त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते.

तेव्हा घरातला बांध कसा असावा?

(अ) नियम थोडे असावेत. आमच्या घरी पूर्वी दिवसाला शंभर ‘नको’ होते. आता तीन नियम आहेत. पाण्याकडे व रस्त्यावर एकट्याने जायचे नाही. कोणाला मारायचे नाही. दुसऱ्याची वस्तू विचारल्यावाचून घ्यायची नाही. समुद्र, खाडी आणि विहीर असलेल्या गावात पहिला नियम जीव राखणारा आहे. त्यात तडजोड नाही. बाकीचे पुष्कळसे ‘नको’ आमच्याच सोयीचे होते.

(आ) सर्वांचा शब्द एक असावा. आईने नाही म्हणायचे, आजीने पदराआड खाऊ द्यायचा आणि बापाने चौथ्या दिवशी एकदम भडकायचे, असे चालले तर मूल नियम शिकत नाही. तो कोणाचा दिवस आहे, हे ओळखायला शिकते.

(इ) काय करू नये ह्यापेक्षा काय करावे, ते सांगावे. ‘धावू नको’ म्हटले तर लहान मुलाला फक्त ‘धाव’ ऐकू येते. ‘माझा हात धरून चाल’ हे त्याला करता येते. खेळ थांबवायचा असेल तर थोडे आधी सांगावे.

(ई) चुकीची भरपाई त्याच चुकीशी जोडलेली असावी. पाणी सांडले तर फडके आणून पुसावे. शेजारणीचे रोप तुडवले तर तिच्याबरोबर दुसरे लावावे. जखय प्रभूला भेटला तेव्हा त्याला फटके मिळाले नाहीत; घेतले होते ते त्याने स्वतः चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८).

(उ) आपण रागात असताना शिक्षा करू नये. मी आता अशा वेळी अंगणात जाऊन रहाटाने दोन घागरी पाणी ओढतो. पाणीही भरले जाते आणि मीही उतरतो.

५. दारही हवे

आपल्या गावोगावी अंगणवाडी आहे. तिचे मूळ आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, उत्तरेला, बोर्डी गावी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक ह्यांनी गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकटे भावंड सांभाळी, कोणी गुरे राखी, आणि चार भिंतींत बसण्याची कोणालाच सवय नव्हती. ‘ही मुले वांड आहेत, ह्यांना शिक्षणाची गोडी नाही,’ असे म्हणून त्यांना घरी परतता आले असते. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. दगड, शिंपले, बिया, पाने हीच शिकवण्याची साधने झाली. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

मूल शाळेत बसत नाही तर शाळा मुलाकडे नेणे, हे मला फार ख्रिस्ती वाटते. शब्द देही होऊन आपल्यात राहिला, तो असाच. आपण वर जाऊ शकत नव्हतो म्हणून तो खाली आला.

घरी हे दार कसे उघडावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सुचवले आहे, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी आणि त्यातला किमान एक तास तरी धावणे, उड्या मारणे असा दमवणारा खेळ असावा. पडद्यासमोर बसणे तासाच्या वर नसावे, आणि झोप दहा ते तेरा तास असावी. आता आपल्या घरचा हिशेब मांडून पाहू या. मूल दंगा करते म्हणून आपण त्याच्या हाती मोबाइल देतो. ते तासन् तास गप्प बसते. झोपायला उशीर होतो. आणि दुसऱ्या दिवशी तुंबलेले पाणी दुप्पट जोराने बाहेर पडते. मग आपण म्हणतो, हा वांडच आहे!

सकाळी ऊन चढण्यापूर्वी सुरूच्या बनात मनसोक्त धावू द्या. वाळूत खड्डे खणू द्या. पावसात पडवीत दोरीवरच्या उड्या, पायरीवर चढउतार चालतील. आणि त्याला खरे काम द्या: झाडाला पाणी घालणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, नारळ मोजणे. काम नीट झाले की लगेच तसे बोलून दाखवा. खोडी केली की दहा जण पाहतात; शहाण्यासारखे वागले की कोणी पाहत नाही. मूल कोणाच्या तरी नजरेत भरायला धडपडत असते. ते कोणत्या कारणाने भरावे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

६. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

ज्याला आपण वर्गाबाहेर काढतो, त्यालाच बहुधा वचनाची सर्वांत अधिक गरज असते, आणि त्याच्यामागोमाग त्याची आईही मंडळीतून हळूहळू बाहेर जाते. म्हणून काही सूचना.

गोष्ट सांगण्याचा भाग लहान ठेवावा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना सलग दहा मिनिटे पुरेत. मग उभे करावे. यरीहोच्या भिंतीभोवती सात फेऱ्या घालता येतात. हरवलेले मेंढरू वाडीत लपवून शोधता येते. गालीलाचे जाळे ओढताना तर आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना कोणी शिकवायला नको! अतिशय चळवळ्या मुलाला चटया अंथरण्याचे, पुस्तके वाटण्याचे काम द्यावे.

आणि नावे ठेवू नयेत. ‘द्वाड’, ‘कार्टा’, ‘ब्याद’ हे शब्द मूल अंगाला लावून घेते आणि पुढे तसेच वागून ते खरे करून दाखवते. प्रभूने उतावळ्या शिमोनाला पहिल्याच भेटीत ‘खडक’ असे नाव दिले (योहान १:४२). तो त्या वेळी खडक मुळीच नव्हता. पाण्यावर चालायला निघाला आणि बुडू लागला, बागेत तलवार चालवली, अंगणात नाकारले. पण प्रभूने दिलेले नाव परत घेतले नाही, आणि शेवटी शिमोन त्या नावाला जागला.

७. वैद्याकडे केव्हा जावे?

बहुतेक खोडकर मुले निरोगी असतात. परंतु काही मुलांची चंचलता वयाच्या मानाने फारच अधिक असते. ती घरी, शाळेत, देवळात सर्वत्र दिसते, सहा महिन्यांहून अधिक टिकते आणि मुलाचे शिकणे व मैत्री ह्यांना अडथळा आणते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. कधी ऐकू कमी येत असते, कधी झोप अपुरी असते, कधी अंगात रक्त कमी असते. आणि कधी तो अवधान व अतिचंचलतेचा विकार असतो. चार वर्षांखालील मुलाला असे नाव देण्याची घाई जाणते डॉक्टर करीत नाहीत, आणि शाळापूर्व वयात औषधाआधी आईबापांनाच वागण्याचे शिक्षण देतात. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे बालरोग विभाग आहे.

हा विकार म्हणजे भूतबाधा नव्हे, पापाची शिक्षा नव्हे, आणि आईच्या लाडाचे फळही नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला (योहान ९:३). आपल्या मंडळीतील काही माता वर्षानुवर्षे हा दोष डोक्यावर घेऊन मागच्या चटईवर बसत आल्या आहेत. भगिनींनो, पुढच्या रविवारी त्यांचे मूल अर्धा तास तुम्ही घ्या आणि त्या आईला एक उपदेश शांतपणे ऐकू द्या. हीही प्रभूची सेवाच आहे.

समारोप

आमचा धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. तो साधुसंत झालेला नाही. गेल्याच महिन्यात त्याने पडवीचे कौल फोडले. परंतु ते कोणी फोडले, हे मला विचारावे लागले नाही; तो स्वतः येऊन सांगून गेला आणि रविवारी माझ्याबरोबर शिडी धरून उभा राहिला. महिन्याच्या रविवारी प्रभुभोजनाचे पेले तोच धुतो आणि मांडतो. आरंभी माझा जीव थाऱ्यावर नसे. चार वर्षांत त्याच्या हातून एक फुटला. माझ्या हातून दोन.

मी त्या रात्री त्याची क्षमा मागितली होती. बापाने पाच वर्षांच्या मुलाची क्षमा मागावी की नाही, असा प्रश्न काही बांधवांनी मला विचारला आहे. माझे उत्तर एवढेच, की क्षमा कशी मागावी हे त्याने दुसऱ्या कोणाकडून शिकावे? कौल फुटल्यावर तो लपला नाही, ह्याचे कारण मला त्या रात्रीत दिसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातले ‘नको’ एक दिवस मोजून लिहा. त्यातील किती मुलाच्या जिवासाठी आहेत व किती आपल्या सोयीसाठी?
२. दावीद आणि एली ह्यांच्या घरातील कोणती उणीव आपल्या घरात दिसते?
३. चुकल्यावर आपले मूल आपल्याकडे येते की आपल्यापासून लपते? का?
४. आपल्या शब्बाथ शाळेतून गेल्या वर्षात कोणते मूल येईनासे झाले? त्याच्या घरी कोण जाणार, हे ह्याच बैठकीत ठरवावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय बापा, तू आम्हांला दिलेल्या मुलांबद्दल, त्यांच्या धावण्याबद्दल आणि त्यांच्या आवाजाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. जेथे आम्ही रागाने हात उचलला तेथे आम्हांला क्षमा कर. जेथे आम्ही आळसाने हात आखडला तेथेही क्षमा कर. आमची घरे अशी कर, की चुकलेले मूल अंधार पडण्यापूर्वी घरी यावे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.